मातीची उधारी

(छत्रपती संभाजीनगर जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज कापसाच्या भावावर बोलणे होईल असे समजून पुष्कळ मंडळी आली आहेत. भावाकडे आम्ही येणारच आहोत, पण आज वाट जरा लांबची धरली आहे. आज आधी मातीचा हिशेब मांडायचा आहे. बियाण्याची पावती आपण जपून ठेवतो, खताची ठेवतो, आडतीची पट्टी तर वर्षानुवर्षे खुंटीला अडकवलेली असते. पण वावरातून दरसाल काय गेले आणि वावरात परत काय आले, याची पट्टी आपल्यापैकी एकानेही आजवर केलेली नाही. आम्हीही केली नव्हती.

२०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात जो पाऊस झाला तो सगळ्यांच्या डोळ्यांपुढे आहे. ओढ्यानाल्यांच्या काठची कितीतरी रानं खरडून गेली. काळी वाहून गेली, खाली मुरूम उघडा पडला. ऑक्टोबरात सरकारने पॅकेज जाहीर केले, त्यात खरडलेल्या जमिनीला हेक्टरी ४७ हजार रुपये रोख धरले आणि रोजगार हमीतून ३ लाखांपर्यंतच्या कामाचे बोलले. पैसे कोणाच्या हातात किती आणि कधी पडले हा वेगळा तमाशा आहे, त्यात आज शिरत नाही. पण एक झाले. मातीला किंमत असते, एवढे तरी सरकारच्या कागदावर आले. माती एका रात्रीत गेली तर तलाठी येतो, पंचनामा होतो. तीच माती थोडी थोडी करून दरवर्षी बाजाराच्या गाडीत बसून गेली, तर तिचा पंचनामा कोणी करत नाही. आज आपण तोच करू.

वेरूळची लेणी ज्या खडकात कोरली, देवगिरीचा किल्ला ज्या खडकावर उभा आहे, तोच काळा खडक आपल्या जमिनीचा बाप. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तप्त लाव्हाचे थरावर थर साचले आणि ऊन, पाऊस, झाडांची मुळे यांनी झिजून झिजून त्याची काळी माती झाली. एक इंच माती तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात. या मातीत चिकण कणांचे प्रमाण मोठे, म्हणून ती पावसात फुगते आणि उन्हात आक्रसून बैलाचा खूर अडकेल अशा भेगा पडतात. या फुगण्यातच तिची सारी दौलत आहे. मीटरभर खोल काळीत पिकाला पिता येईल असे २०० मिलिमीटरच्या आसपास पाणी मावते. आपल्या जिल्ह्याचा वर्षाचा पाऊस सरासरी ७०० मिलिमीटरच्या घरात, तोही चार महिन्यांत उरकतो. मग आभाळ कोरडे असताना शाळू माघापर्यंत उभा राहतो तो कशावर? या पोटातल्या पाण्यावर. पैठण, गंगापूर, वैजापूरच्या गंगाथडीला रब्बी साधते आणि खुलताबाद, कन्नड, सोयगावच्या डोंगरउताराला साधत नाही, त्याचे कारण पाऊस नव्हे, मातीची खोली. फूटभर काळी वाहून गेली म्हणजे ६० मिलिमीटर पाण्याची टाकी फुटली. ती कोणत्याही योजनेत परत बांधून मिळत नाही.

झाले पाण्याचे. आता पीक खाते काय, ते पाहू.

एक क्विंटल वाळलेला कडबा जाळला तर राख किती उरेल? सात-आठ किलो. बाकीचा धूर होऊन हवेत गेला, कारण तो आला होताच हवेतून. पाने हवेतला कर्बवायू घेतात, मुळे पाणी घेतात आणि उन्हाच्या जोरावर त्यांची साखर होते, तिचेच पुढे धाट होते, दाणा होतो. झाडाच्या वाळल्या वजनात नव्वद टक्क्यांहून जास्त माल हवेचा आणि पाण्याचा. हवेचे बिल अजून कोणी लावलेले नाही. उरलेल्या थोडक्या मालात नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह असे डझनभर जिन्नस असतात, ते मुळांनी मातीतून उचललेले. वजनाने किरकोळ, पण एक जरी कमी पडला तरी पीक तिथेच अडते. भाकरीला मीठ किती लागते? पण नसले की कळते.

आता कापसाची गोष्ट ऐका. रुई म्हणजे जवळपास शुद्ध तंतू, सगळा हवा-पाण्याचा माल. क्विंटलभर रुई जाळली तर किलो-दीड किलो राख. म्हणजे ज्या रुईसाठी गिरणीवाला कापूस घेतो, ती मातीचे जवळपास काहीच नेत नाही. माती जाते ती सरकीतून. दहा क्विंटल कापूस घातला तर त्यात साडेसहा क्विंटलच्या आसपास सरकी असते आणि तिच्यात अदमासे २२ किलो नत्र. युरियाचे पोते २०१८ पासून ४५ किलोचे झाले, त्यात नत्र असते पावणेएकवीस किलो. म्हणजे दहा क्विंटल कापसाबरोबर आपण एक पोते युरिया आणि वर मूठभर काट्यावर ठेवून येतो, शिवाय स्फुरद आणि पालाश वेगळे. पट्टीवर ते कुठे दिसते? वजनात कापूस धरतात, कटती धरतात, ओलाव्याचे कापतात. मातीचे काही लिहीत नाहीत.

पूर्वीही सरकी जातच होती. पण ती भिजवून बैलांपुढे, म्हशीच्या आंबोणात परत येई आणि शेण होऊन उकिरड्यात पडे. चक्र अर्धेमुर्धे का होईना, गावात फिरत होते. आता सरकीचे तेल निघते, पेंड लांबच्या गोठ्यांना जाते, आणि ती आपल्या दारी यायची तर पोत्याच्या भावाने येते.

ज्वारीचे पाहा. दहा क्विंटल दाण्यात १६ किलोच्या आसपास नत्र. बरोबरच्या पंचवीस क्विंटल कडब्यात आणखी १२ किलो, आणि पालाश तर ३० किलोंच्या वर. पालाशचा मोठा वाटा दाण्यात नसून कडब्यात असतो, हे ध्यानात ठेवा. कडबा घरच्या जनावराने खाल्ला तर त्यातला बहुतेक पालाश शेण-मुतातून परत मिळतो. कडबा विकला की पालाश विकला. ज्याला पैशाची नड आहे तो विकणारच, त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पण भाव सांगताना चाऱ्याचा भाव सांगतो, खताचा धरत नाही.

ज्वारी आपल्या रानातून हटली कशी, यावर विद्वान लोक पुष्कळ लिहितात. आम्हाला तिचा माग असा दिसतो. १९६४ साली पहिली संकरित ज्वारी आली. दाणा जास्त, पण धाट बुटके, आणि खरिपात कणीस पावसात सापडले की दाणा काळा पडायचा. रेशनवर गहू-तांदूळ स्वस्त मिळू लागला तशी भाकरीची मागणी पडली. भाव पडला. रब्बीत मोहोळला निवडलेली मालदांडी टिकून राहिली, कारण तिची भाकरी आणि तिचा कडबा दोन्हीला तोड नाही. पण खरिपाचे रान कापसाने घेतले आणि सिल्लोड-कन्नडकडे मक्याने, तो तर कापसाहून खादाड. ज्वारी गेली तसा कडबा गेला, कडबा गेला तसे बैल गेले, बैल गेले तसे शेणखत. १९७२ च्या दुष्काळात अमेरिकेचा लाल मिलो खाल्लेली माणसे या बैठकीत आहेत. त्या वेळी दाणा बाहेरून आला. आता साध्या वर्षातही खत बाहेरून येते: पालाश जवळजवळ सगळे परदेशी, स्फुरदाचा दगड जॉर्डन-मोरोक्कोचा. दुष्काळात आपण दाण्यासाठी हात पसरला, सुकाळात खतासाठी पसरतो.

इथे शेणखताचा जप करणाऱ्या मंडळींनाही दोन शब्द सांगायला हवेत. गाय नत्र तयार करत नाही. ती चरते तिथले नत्र आणून तुमच्या गोठ्यात टाकते. गायरान शाबूत होते तोवर गायरानाची माती शेणाच्या रूपाने वावरात येत होती. नवे नत्र यायला दारे तीनच. एक वीज-पावसाचे, त्यातून एकराला नावापुरते मिळते. दुसरे कारखान्याचे, १९१३ साली जर्मनीत हवेपासून अमोनिया करायचा पहिला मोठा कारखाना निघाला, आजचा युरिया त्याचाच नातू. तिसरे डाळींच्या मुळांवरच्या गाठींचे. कारखान्याला प्रचंड दाब आणि भट्टीची उष्णता लागते. तेच काम मुगाच्या मुळावरची मोहरीएवढी गाठ आषाढातल्या थंडाव्यात करते.

ही गाठ पाहिली आहे का कोणी? मूग किंवा तूर पेरून महिना-सव्वा महिना झाला की एक रोप ओढून न काढता कुदळीने मातीसकट काढा. गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लाल असेल तर ती कामावर आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर नुसती बसून खाते. तसे आढळले तर पुढच्या वर्षी बियाण्याला रायझोबियमची पुडी चोळा. बुरशीनाशक लावायचे असेल तर ते आधी, पुडी नंतर, आणि सावलीत सुकवून लगेच पेरणी. एवढ्या कमी पैशात दुसरे कोणतेही खत मिळत नाही.

हरभऱ्याची आंब तर सगळ्यांना ठाऊक. पहाटे पिकावरून फडके फिरवून आंब पिळून घ्यायची, पोटदुखीवर द्यायची, हे आपल्या आज्या करत. तसाच आंबट रस हरभऱ्याची मुळेही मातीत सोडतात. आपली जमीन चुनखडीची, तिच्यात स्फुरद असूनही चुन्याला चिकटून बसलेले. हा रस त्यातले थोडे सोडवून घेतो. शेणखताने, पोत्याने जे साधत नाही ते हे बारके झाड साधते. ज्वारी आणि कापूस यांची मुळे वेगळा धंदा करतात. त्यांच्यात एक बुरशी शिरते, तिचे धागे मुळांच्या पलीकडे पसरतात आणि स्फुरद आणून देतात. बदल्यात झाड तिला साखर देते. असा सौदा जमिनीखाली रात्रंदिवस चाललेला असतो.

या साऱ्या जिवांची भाकरी म्हणजे सेंद्रिय कर्ब. तो सापडला नाही तर ते उपाशी, ते उपाशी तर पीक उपाशी. आपल्या कोरडवाहू रानाच्या पत्रिकेवर कर्बाचा आकडा बहुतेक वेळा अर्ध्या टक्क्याच्या आसपास किंवा खाली असतो. चैत्र-वैशाखाच्या उन्हात तो जळतो, वारंवार ट्रॅक्टरने उलटलेल्या रानात आणखी जळतो. आणि जो परत जायचा तो पऱ्हाटीच्या रूपाने आपण बांधावर पेटवतो. आम्ही बोलणारे यात आघाडीवर. आमच्यातल्याच एका रानात सलग नऊ वर्षे कापसावर कापूस झाला, पऱ्हाट्या दरसाल पेटवल्या, बैलजोडी विकून टाकली. दहाव्या वर्षी खत तेवढेच, पाणी तेवढेच, आणि पाते गळून झाड लाल पडले. पहिल्यांदा बियाण्याला शिव्या दिल्या.

पऱ्हाटीचे करायचे काय, याचे उत्तर शंभर वर्षे जुने आहे. आल्बर्ट हॉवर्ड नावाचे इंग्रज शास्त्रज्ञ १९२४ पासून इंदूरच्या संस्थेत कापसावर काम करत होते, आपल्यासारख्याच काळ्या जमिनीत. त्यांनी कंपोस्टची जी इंदूर पद्धत बसवली तिच्यात पऱ्हाटी होती. एवढी कडक काडी कुजावी कशी? त्यांनी ती शेतातल्या गाडीवाटेवर पसरली. बैलगाड्यांच्या चाकांखाली चुरा झाला, मग गोठ्यात जनावरांखाली अंथरला, मूत मुरले आणि मग खड्ड्यात गेला. आज गाडी नाही तर कुटी करणारे यंत्र आहे, चार शेतकऱ्यांनी मिळून भाड्याने आणावे. एक मात्र सांभाळा. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने आपले काय केले ते विसरू नका. पऱ्हाटीवरच्या किडक्या बोंडांत अळी दडून राहते. म्हणून फरदड नको, आणि पऱ्हाटीचे ढीग बांधावर जूनपर्यंत नकोत. कुटी करायची, खड्ड्यात दाबायची, वरून माती.

जनावरे उरली असतील त्यांनी मूत वाया घालवू नये. नत्राचा अर्धाअधिक आणि पालाशचा बहुतेक वाटा शेणात नसून मुतात असतो. गोठ्यात कोरडी माती नाहीतर भुसा पसरा, ओली झाली की खड्ड्यात लोटा. उकिरडा उघड्यावर उन्हात राहिला तर त्यातले नत्र गावावरून उडून जाते, वास येतो तो त्याचाच. युरियाचेही तसेच. चुनखडीच्या ओल्या रानावर दाणे फेकले आणि ऊन पडले की अमोनिया उडतो. दोन बोटे मातीआड करा, मग कोळपे फिरवा. शाळूला कोळपणी तीन वेळा सांगितली आहे: तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्याला. शेवटची दातेरी कोळप्याने, म्हणजे भेगा बुजतात, मुळे तुटत नाहीत आणि पोटातली ओल वर उडत नाही. हे काही नवे नाही, आपल्या वाडवडिलांचेच. फक्त आता मजूर मिळत नाही म्हणून दुसरीवरच थांबतो.

मग हे सगळे ठाऊक असताना शेतकरी कापसात तूर का वाढवत नाही, मुगाचा तास का घेत नाही? शहाणे लोक म्हणतात, अज्ञान. आम्ही म्हणतो, २०१७ आठवा. आधीच्या साली सरकारने डाळी पेरा म्हणून सांगितले, आपण पेरल्या, आभाळानेही साथ दिली. हमीभाव बोनससह ५,०५० रुपये, आणि बाजारात तूर चार हजारांवर उभी राहायला तयार नाही. खरेदी केंद्रांवर बारदाना संपला, गाड्या दिवसेंदिवस रांगेत. आणि त्याच्या आदल्याच वर्षी, २०१६ साली, मोझांबिकबरोबर डाळ आयातीचा करार झालेला. पुढे मे २०२१ मध्ये तुरीची आयात खुली केली आणि मुदतीवर मुदत वाढवत नेली. तुरीच्या गाठी हवेतून नत्र ओढत होत्या, पण तुरीच्या भावातले नत्र दिल्लीत उडून गेले. खताचेही तेच. २०१० साली स्फुरद-पालाशचे अनुदान नव्या रीतीने बांधले, त्यांचे भाव वर गेले. युरिया तेवढा जुन्या स्वस्त भावाला ठेवला. मग शेतकरी युरियाच टाकणार. दमलेल्या बैलाला चारा न देता नुसता चाबूक दाखवावा, तसे जमिनीचे झाले, आणि दोष मात्र शेतकऱ्याच्या अडाणीपणाला.

आता भावाकडे येतो. हमीभावासाठी उत्पादन खर्च काढतात त्यात बियाणे, मजुरी, बैल, विकतचे खत धरतात. अवजारांचा आणि गोठ्याचा घसारा धरतात. सी-२ नावाच्या मोठ्या हिशेबात जमिनीचा खंड आणि भांडवलाचे व्याजही धरतात. पण पिकाने मातीतून उचललेले आणि परत न भरलेले नत्र, स्फुरद, पालाश त्यात कुठेच नाही. लोखंडी नांगराला घसारा आहे, तो ज्या जमिनीत चालतो तिला नाही. याचा उलटा परिणाम बघा. पैसा नाही म्हणून जो खत घालत नाही आणि मातीचे मुद्दल खाऊन कापूस पिकवतो, त्याचा खर्च कागदावर कमी दिसतो. खर्च कमी म्हणून भाव कमी. भाव कमी म्हणून पुढच्या साली खत आणखी कमी. सावकाराचे व्याज निदान तोंडाने मागितले जाते. ही उधारी मुकी आहे, म्हणून आजोबांपासून नातवापर्यंत नुसती वहीवर चढत आली.

ही मागणी आपल्याला मांडायची आहे, पण हवेत मांडून चालणार नाही. आकडे लागतील आणि ते आपल्या रानातले लागतील. मातीपत्रिकेची योजना फेब्रुवारी २०१५ मध्ये सुरू झाली तेव्हा कोरडवाहू भागात १० हेक्टरांना एक नमुना घेत. एका गावात आम्ही पाहिले, मुरमाड माळाच्या आणि ओढ्याकाठच्या काळीच्या पत्रिकेवर एकच आकडे. अशा कागदावर कोणी भांडू शकत नाही.

म्हणून प्रत्येक तालुक्यातून दहा जणांनी नावे द्यावीत. दर माणसी एकच एकर धरायचा. त्या एकरातून कापूस किती गेला, ज्वारी किती, कडबा घरी किती आणि विकला किती, पऱ्हाटीचे काय केले. आणि आत काय आले, पोती किती, शेणखताच्या गाड्या किती, डाळीचे तास किती. दोन रकाने, साध्या वहीत. बायामाणसांना विचारून लिहा, शेण आणि कडब्याचा हिशेब त्यांच्याकडेच पक्का असतो. आणि त्याच एकरातला मातीचा नमुना. पीक निघाल्यावर, खत टाकायच्या आधी, नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल इंग्रजी व्ही अक्षरासारखा खड्डा करून कडेची माती वरपासून खालपर्यंत सारखी खरवडायची. बांध, झाडाखालची जागा, उकिरड्याची जागा टाळायची. सगळी एकत्र करून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, अर्धा किलो उरेपर्यंत. सावलीत वाळवून कापडी पिशवीत भरायची. खताच्या रिकाम्या पोत्यात भरली तर ती परत पाठवू, गेल्या खेपेला तिघांनी तेच केले. चिठ्ठीवर गट नंबर, आताचे पीक आणि मागच्या सालचे पीक लिहा. लिहायचे ते पेन्सिलने, शाई ओल लागली की पसरते. नावे जेवणाआधी व्यासपीठाच्या डाव्या बाजूला द्या, वही तिथे ठेवली आहे.